पकड : एका कोळंबीचे शेवटचे ९६ तास

कोकणातल्या एका खाडीकाठी, कांदळवनाच्या मागच्या अंगाला, निमखाऱ्या पाण्याचा एक तलाव आहे असं धरू. वन्नामेई जातीच्या कोळंबीचं बी सोडून तीन महिने होत आले आहेत. माल पन्नास काउंटला पोचलाय, म्हणजे किलोला पन्नास नग. डिसेंबर लागलाय, पहाटे पाणी पंचविशीपर्यंत उतरतं. तलाव कल्पनेतला आहे. पुढच्या घटना आणि वेळा मात्र प्रयोगशाळांतल्या आणि तलावांवरच्या नोंदींना धरून आहेत. विषाणूची मात्रा आणि पाण्याचं तापमान यांप्रमाणे तास पुढेमागे होतात, क्रम सहसा बदलत नाही.

उरले ९६ तास

रात्रीचे दहा. बांधावरून उतरलेला एक खेकडा तळाशी मरून पडला आहे. कोळंबी मेलेलं सोडत नाही. वीस ग्रॅमची एक मादी पुढच्या बारीक नांग्यांनी त्याच्या पायातलं मांस ओढून काढते आणि खाते.

त्या घासात पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू आहे. विषाणूंच्या मानाने तो दांडगा: २५० ते ३८० नॅनोमीटर लांब, लंबगोल, एका टोकाला शेपटीसारखा धागा, आणि आत सुमारे तीन लाख अक्षरांचा डीएनए. १९९२च्या सुमारास तो तैवान आणि चीनच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा दिसला. १९९३मध्ये जपान, १९९४मध्ये भारत, १९९९मध्ये इक्वेडोर, २०१६च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातल्या लोगन नदीकाठची शेतं. आंध्र आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर त्याने टायगर कोळंबीचे तलावच्या तलाव रिकामे केले. खेकडे तो अंगात बाळगून बराच काळ हिंडतात, त्याने मरतातच असं नाही. कोळंबी मात्र तीन ते दहा दिवसांत मरते, आणि तलावातली जवळजवळ सगळी मरू शकते.

उरले ९५ तास

खेकड्यावरून झटापट होते आणि आपल्या कोळंबीच्या एका पायाचं टोक तुटतं. विषाणूशी याचा काही संबंध नाही. पण पुढे काय हरवणार आहे ते कळायला हा तास नीट पाहायला हवा.

कोळंबीचं रक्त बंद नळ्यांतून फिरत नाही. ते सगळ्या अवयवांभोवती मोकळं खेळतं. ऑक्सिजन वाहणारं द्रव्य तांब्याचं, म्हणून रक्ताला निळसर झाक. असं मोकळं रक्त असलेल्या जिवाच्या अंगाला भोक पडलं की दोन संकटं एकदम येतात: आतलं बाहेर जातं आणि बाहेरचं आत येतं. पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जिवाणू आहेतच. त्यातले काही जखमेतून आत शिरतात.

फुटलेल्या रक्तपेशींतून ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर बाहेर पडतं. रक्तातल्या कॅल्शियमच्या मदतीने ते गोठण-प्रथिनाचे रेणू एकमेकांत गुंफतं आणि जखमेच्या तोंडाशी जेली धरते. हे पाहता पाहता होतं. तोवर रक्तात तरंगणारी ओळख-प्रथिनं जिवाणूंच्या भिंतीला लागतात. ती लागली की दाणेदार रक्तपेशी आपल्या पोटातले दाणे बाहेर ओततात.

या दाण्यांत दोन महत्त्वाच्या गोष्टी निजलेल्या असतात. एक, फिनॉलऑक्सिडेज या विकराची सुप्त आवृत्ती. प्रथिनं तोडणारी विकरं एकामागून एक जागी होत तिच्यापर्यंत पोचतात, ती कामाला लागते आणि जखमेवर काळं मेलॅनिन तयार होऊ लागतं. (बाजारात बर्फ कमी पडलेल्या कोळंबीच्या डोक्याशी जो काळेपणा येतो, तोही याच विकराचा. कोळंबी मेली तरी ते काम करत राहतं.) दुसरी गोष्ट पेरॉक्सिनेक्टिन, आणि या घटनाक्रमात माझं लक्ष तिच्यावरच आहे.

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात मॅट्स योहानसन आणि केनेथ सॉडरहॉल यांनी १९८८ साली गोड्या पाण्यातल्या क्रेफिशच्या रक्तपेशींतून हे प्रथिन वेगळं काढलं. पेशी काचेवर ठेवून हे प्रथिन घातलं की त्या पसरायच्या आणि घट्ट बसायच्या. दाण्यात असताना ते निष्क्रिय असतं. बाहेर येऊन ती विकरांची साखळी चालू झाली की मगच त्याला चिकटपणा येतो. फणसाचा चीक जसा फणस कापेपर्यंत कुणाला जाणवत नाही आणि कापल्यावर सुरी सोडत नाही, तसं. १९९५मध्ये त्याचं जनुक वाचलं गेलं, तेव्हा कळलं की हे घराण्याने पेरॉक्सिडेज आहे, माणसाच्या पांढऱ्या पेशींतल्या जंतुनाशक विकराचं नातेवाईक. २००१मध्ये ते टायगर कोळंबीत सापडलं, पुढे वन्नामेईतही.

पेरॉक्सिनेक्टिन चिकटतं ते रक्तपेशीच्या अंगावरच्या इंटेग्रिन नावाच्या प्रथिनाला. इंटेग्रिनच्या दोन साखळ्या पेशीच्या आवरणाच्या आरपार गेलेल्या असतात. बाहेरच्या टोकाने पकड घ्यायची, आतल्या टोकाने पेशीच्या सांगाड्याला खेचायचं. बाहेर काही हाताला लागलं की ती खबर आत पोचते, पेशी चपटी होते, पाय फुटल्यासारखी पसरते, शेजारणीला धरते. इंटेग्रिन धरतं ते अख्खं प्रथिन नाही, त्यातली तीन अमिनो आम्लांची खूण. बऱ्याच प्राण्यांत ती अर्जिनिन, ग्लायसिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल अशी आहे. १९८४ साली मायकेल पियर्शबाखर आणि एर्की रुओस्लाहती यांनी ती फायब्रोनेक्टिनमध्ये दाखवली. टायगर कोळंबीच्या पेरॉक्सिनेक्टिनमध्ये पहिल्या जागी लायसिन आहे. हीच लायसिनवाली खूण अमेरिकेतल्या एका लहान रॅटलसापाच्या विषात आहे. ती माणसाच्या रक्तातल्या बिंबिकांचं इंटेग्रिन अडवते, आणि तिच्यावरून हृदयविकाराच्या रुग्णांना देण्याचं एक औषध बनलं. साप, कोळंबी आणि अतिदक्षता विभागातला माणूस एकाच पकडीशी बांधलेले आहेत हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो, आजही होतो.

जखमेपाशी आता गर्दी झाली आहे. पेशींनी जिवाणूंना मध्ये घेऊन गाठी केल्या आहेत. पेरॉक्सिनेक्टिन जिवाणूंच्या अंगालाही लागतं, त्यामुळे पेशींना ते गिळायला सोपे जातात. ते शेजारच्या पेशींनाही दाणे ओतायला लावतं, म्हणून पकड वाढत जाते. सकाळपर्यंत तुटक्या पायाच्या टोकाला एक काळा ठिपका असेल, बस.

कोळंबीला प्रतिकारशक्तीच नसते, असं पुष्कळदा सहज बोललं जातं. तिला आपल्यासारखी प्रतिपिंडं नाहीत हे खरं. पण योग्य वेळी, योग्य जागी चिकटणं हे तिचं शस्त्र आहे आणि ते किती नेमकं आहे ते या एका तासात दिसतं.

उरले ९० तास

पहाटेचे चार. खाल्लेल्या मांसातले विषाणू जठराच्या अस्तराच्या पेशींशी पोचले आहेत.

विषाणूच्या वेष्टनावर व्हीपी२८ नावाचं प्रथिन दाटीने बसलेलं आहे. नेदरलँड्समधल्या वागेनिंगेन विद्यापीठात २००१मध्ये दिसलं की त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं विषाणूला आधी लावून ठेवली तर तो कोळंबीला बाधू शकत नाही. पण वेष्टनावर ते एकटंच नाही. त्याच्या सोबत असलेल्या व्हीपी१८७ या प्रथिनात ती तीन आम्लांची खूण आहे: अर्जिनिन, ग्लायसिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल.

चीनमधल्या संशोधकांनी २००७मध्ये हे जुळवून दाखवलं. व्हीपी१८७ कोळंबीच्या इंटेग्रिनच्या बीटा साखळीला धरतं. सुटं इंटेग्रिन विषाणूत मिसळलं, किंवा त्या तीन आम्लांचा छोटा तुकडा घालून पेशींवरची पकड आधीच अडवली, तर संसर्ग घटतो. इंटेग्रिनचं जनुक गप्प केलं तरी घटतो. पेशीत जायला विषाणूजवळ दुसऱ्याही वाटा आहेत, थायलंडमध्ये व्हीपी२८शी जुळणारं आणखी एक प्रथिन सापडलं आहे. पण इंटेग्रिनची वाट मला सगळ्यांत क्रूर वाटते. पाच तासांपूर्वी ज्या पकडीने ही कोळंबी वाचली, तीच पकड विषाणूने धरली. ती काढून टाकावी तर जखम भरणार नाही. ठेवावी तर दार उघडं.

आपल्याकडच्या गोठ्यांना ही रीत परकी नाही. लाळ्या-खुरकुताचा विषाणूही याच तीन आम्लांच्या खुणेने जनावराच्या पेशीवरचं इंटेग्रिन धरतो. कोळंबीच्या पिवळ्या डोक्याच्या रोगातही असंच आढळलं आहे. तो विषाणू कोळंबीच्या लॅमिनिन-ग्राहीला धरतो, म्हणजे पेशींना त्यांच्या बैठकीशी जखडून ठेवणाऱ्या घराण्यातल्या प्रथिनाला. विषाणूंना चिकटण्याची प्रथिनं का आवडावीत? ती पेशीच्या बाहेर असतात, भरपूर असतात, आणि त्यांना हात लागला की पेशी आपणहून हालचाल करते. आता ती पेशी आवरणाला खळी पाडून विषाणूला आत ओढून घेते.

उरले ८८ तास

पेशीच्या केंद्रकात विषाणूची सर्वांत आधी बोलणारी जनुकं बोलू लागली आहेत. बाहेरून काहीही दिसत नाही. सकाळी ही कोळंबी नेहमीसारखी खाद्यावर येते.

उरले ७२ तास

पाणी ३३ अंशांवर असतं तर गोष्ट कदाचित इथेच थांबली असती. बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठात आणि इतरत्रही दिसलं आहे की त्या उबेत ठेवलेल्या कोळंबीत हा विषाणू वाढू शकत नाही आणि जनावर वाचतं. पण डिसेंबरातला उघडा एकरभर तलाव कोण तापवणार? थंडीतलं पीक या रोगाला जास्त बळी पडतं त्याचं हे एक कारण. पंचवीस ते अठ्ठावीस अंश त्याला मानवतात.

उरले ६० तास

खेकडा खाल्ल्याला छत्तीस तास झाले. जठराच्या अस्तरात, कल्ल्यांत आणि शृंगिकांच्या बुडाशी असलेल्या उत्सर्जन-ग्रंथीत पहिल्या बाधित पेशी दिसू लागतात. केंद्रकं फुगून मोठी झाली आहेत. त्यातल्या काही फुटतात आणि विषाणू मोकळ्या रक्तात उतरतो. ज्या खुल्या रक्ताने पेशी जखमेकडे पोचवल्या, तेच आता विषाणूला घरोघर नेऊन सोडतं. त्वचेखालचं अस्तर, जठराला लागून असलेल्या रक्त बनवणाऱ्या उती, लसिकाभ अवयव, सगळीकडे. यकृत-स्वादुपिंडाच्या नलिका तेवढ्या सुटतात. भ्रूणाच्या आतल्या थरातून आलेल्या पेशींत हा विषाणू वाढत नाही.

उरले ४८ तास

आता लढाई रक्तपेशींतच आली. ज्यांच्याकडे दाणे, ज्यांच्याकडे पेरॉक्सिनेक्टिन, त्याच पेशी जास्त बाधतात. तैवानमधल्या संशोधकांनी त्यांच्या आतला हिशोब मांडला आहे. विषाणू शिरल्यावर बाराव्या तासाला, त्याचा डीएनए जोरात वाढत असताना, रक्तपेशी कर्करोगाच्या पेशींसारखी साखर जाळू लागते. चोविसाव्या तासाच्या आसपास चरबी बनवण्यावर भर येतो, कारण नव्या विषाणूंना वेष्टनं लागतात. पेशी स्वतःसाठी जगायची थांबलेली असते.

त्याच वेळी सुप्त फिनॉलऑक्सिडेजला जागं करणारी साखळीही मध्येच तुटते. थायलंडमध्ये विषाणूचं एक प्रथिन सापडलं, ते या साखळीतल्या विकरालाच जाऊन लागतं आणि तिला पुढे सरकू देत नाही. साखळी थांबली की मेलॅनिन नाही, आणि पेरॉक्सिनेक्टिनलाही जाग नाही.

कोळंबीकडे आणखी एक चिकट प्रथिन आहे, डीस्कॅम. त्याचं नाव माणसाच्या डाऊन सिंड्रोमशी जोडलेल्या जनुकावरून आलं. फळमाशीत या एकाच जनुकाचे तुकडे वेगवेगळे जोडून ३८,०१६ रूपं होऊ शकतात. मज्जातंतूंना आपलं-परकं ओळखायला ती लागतात. २००५मध्ये कळलं की माशीच्या रक्तपेशीही ती बनवतात आणि जिवाणू गिळताना वापरतात. २००९मध्ये तैवानमध्ये वन्नामेईचं डीस्कॅम सापडलं, आणि त्याची रूपंही हजारोंच्या घरात जाऊ शकतात. काही रूपांना पेशीत रुतणारी शेपटीच नाही, म्हणजे ती रक्तात सुटी फिरू शकतात. प्रतिपिंडं नसलेल्या जिवाने असं काही घडवून ठेवलंय, आणि मला इथे मोठी आशा दिसते. विषाणूच्या संपर्काने डीस्कॅमची रूपं बदलतात हेही दिसलं आहे. पण या तलावातल्या या कोळंबीला तेवढी उसंत मिळणार नाही.

उरले ३६ तास

सकाळचे दहा. तळावर काम करणारा पोरगा चेक ट्रे वर ओढतो.

"शेठ, खाद्य तसंच आहे."

"किती राहिलंय?"

"निम्म्याच्या वर. काल सगळं साफ होतं."

शेठ काही बोलत नाही. तो बांधावरून चालत दुसऱ्या ट्रेकडे जातो. तिथेही तेच.

उरले ३० तास

तंत्रज्ञ येतो. जाळ्यातून चारपाच कोळंब्या काढतो. आपली मादी त्यात आहे. तिच्या पोटाच्या पहिल्या वळीच्या खालून बारीक सुई घालून तो थोडं रक्त ओढतो आणि एक थेंब काचपट्टीवर सोडतो.

निरोगी कोळंबीचा थेंब पट्टीवर बघता बघता थिजतो. पट्टी उभी धरली तरी हलत नाही. हा थेंब ओघळतो. तंत्रज्ञ पट्टी पुन्हा आडवी करतो, थांबतो, परत तिरकी करतो. थेंब ओघळतच राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजल्या तर निरोगी रक्ताच्या मानाने फारच थोड्या निघतील. गोठायला लागणारं विकर ज्यांच्या पोटात असतं, त्याच उरल्या नाहीत. या रोगाची नेमकी खात्री विषाणूचा डीएनए शोधणाऱ्या पीसीआर चाचणीनेच होते आणि तो नमुना पाठवतोही. पण अनुभवी माणसाला हा न थिजलेला थेंब पुष्कळ सांगून जातो.

शेठ विचारतो, बीटा ग्लुकान वाढवू का? यीस्टच्या भिंतीतली ही साखर खाद्यात देतात, प्रतिकारशक्ती वाढवायला म्हणून. तिच्यात तथ्य आहे. रक्तातली ओळख-प्रथिनं तिला बुरशी समजतात आणि दाणे ओतण्याची सगळी साखळी चालू होते. व्हिब्रिओसाठी तयारी म्हणून, रोग नसताना, ती द्यावी. ज्याच्या दाणेदार पेशीच विषाणूने भरल्यात त्या जनावराला आज ती देणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. तंत्रज्ञ मान हलवतो, आणि तो बरोबर आहे.

उरले १६ तास

पहाट. पाण्यातला ऑक्सिजन या वेळी सर्वांत कमी असतो. पाण्यात हवा घालणारे एरेटर चालू असूनही कोळंब्या बांधाच्या कडेला आल्या आहेत, काही पृष्ठभागावर सुस्त पोहताहेत. अंगावर लालसर झाक आली आहे. आपल्या मादीची पाठीवरची ढाल आता सहज सुटते. ती सोलून उजेडाकडे धरली तर आतून पांढरे ठिपके दिसतात, अर्ध्या ते दोन मिलिमीटरचे. खालचं अस्तर बिघडलं की कॅल्शियमचे क्षार कवचात असे जमतात. रोगाला नाव या ठिपक्यांनी दिलं, पण जीव ते घेत नाहीत.

उरले १२ तास

मोठा निर्णय याच तासात होतो. माल विकण्याजोगा आहे, तर आत्ताच जाळं लावायचं. हा विषाणू माणसाला अपाय करत नाही, माल खाण्यायोग्य असतो, फक्त भाव पडतो. थांबावं तर उद्या विकायला काही उरणार नाही. हातातोंडाशी आलेला घास असा निम्म्या भावात द्यायची वेळ किती जणांवर आली असेल ते बाहेरच्याला कळणं कठीण. तीन महिन्यांचं खाद्य, डिझेल, विजेचं बिल, बियाण्याची उधारी, सगळं या बारा तासांत येऊन बसतं.

शेठ व्यापाऱ्याला फोन लावतो. गाडी संध्याकाळी येईल म्हणतो.

उरले ४ तास

पायाच्या टोकाशी नवी चीर पडली आहे. या वेळी जेली धरत नाही, काळा ठिपका येत नाही. पाण्यातले व्हिब्रिओ आत शिरतात आणि त्यांना घेरायला कुणी येत नाही. या रोगात शेवटचा घाव पुष्कळदा जिवाणूच घालतात. पेरॉक्सिनेक्टिनचं जनुक शाबूत आहे, ते बनवणाऱ्या पेशी संपल्या.

० तास

रात्रीचे दहा. ती तळाशी कुशीवर पडते. शेजारच्या दोन कोळंब्या लगेच तिच्याकडे वळतात आणि खायला सुरुवात करतात.

काढणी रात्रभर चालते. हाती येईल तेवढा माल बर्फात जातो. बर्फात विषाणू मरत नाही, गोठवलेल्या कोळंबीतही तो टिकून राहतो. म्हणून डोकी, सालं आणि धुतलेलं पाणी खाडीपासून लांब ठेवावं लागतं. मेलेला माल चुना टाकून खड्ड्यात पुरायचा. तलावाचं तोंड उघडायचं नाही. प्रयोगशाळेत ३० अंशांच्या समुद्राच्या पाण्यात हा विषाणू तीस दिवससुद्धा जिवंत राहिला आहे, तलावाच्या पाण्यात निदान तीन-चार दिवस राहतो. ब्लीचिंग पावडर मारून पाणी तसंच कोंडून ठेवायचं, तळ उन्हात भेगा पडेपर्यंत वाळवायचा. पुढच्या पिकाला पीसीआर केलेलं, रोगमुक्त जनकांचं बी घ्यायचं, पाणी गाळून आणि निर्जंतुक करून भरायचं, बांधावर खेकडे चढू नयेत म्हणून गुडघाभर उंचीची जाळी ठोकायची आणि वर पाणकावळ्यांसाठी दोऱ्या ताणायच्या. व्हीपी२८ खाद्यातून देऊन काही प्रमाणात बचाव होतो असं प्रयोगांत दिसलं आहे, पण तलावावर भरवसा टाकावा असं औषध अजून हाती नाही. तोवर जाळीला एकही भोक राहू देऊ नये.